पोर तयार आहे का? चर्चच्या उन्हाळी शिबिरांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना माझ्या तोंडी येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" शक्य तितके गाळलेत, उरलेले गोड मानून घ्या.

एरवी आपण तह, लढाया, बखरी यांवर बोलतो. आजचा विषय एका साध्या घरगुती प्रश्नाचा आहे: पोराला एकटं शिबिराला पाठवायचं का? त्यातही अमेरिकेतलं चर्चचं निवासी उन्हाळी शिबिर. एखाद्या प्रश्नाचा इतिहास असतो का? असतो. आणि या प्रश्नाचा तर मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच लांब निघाला.

सुरुवात करू १८८० पासून. जॉर्ज हिंक्ली नावाचे एक पाद्री कनेक्टिकट राज्यातल्या आपल्या चर्चमधली सात मुलं घेऊन ऱ्होड आयलंडमधल्या एका बेटावर गेले. तिथे राहायचं, पोहायचं, बेसबॉल आणि टेनिस खेळायचं, संध्याकाळी गाणी आणि गप्पा, आणि दिवसातला ठरावीक वेळ प्रार्थनेला. अमेरिकेतलं पहिलं चर्च-शिबिर म्हणून हेच सांगितलं जातं. आज तिकडे जी चर्चची शिबिरं भरतात त्यांचं वेळापत्रक काढून बघा. टेनिसच्या जागी झिपलाइन आली असेल, बाकी सांगाडा जवळपास तोच.

हा विषय कुठून आला

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या एका उपनगरात राहते. तिची मुलगी नऊ वर्षांची. वर्गातली तिची जिवलग मैत्रीण दर उन्हाळ्यात चर्चच्या शिबिराला जाते आणि यंदा तिने हिलाही बोलावलं. आठवडाभर, सहा रात्री, तळ्याकाठी, घोडेस्वारी, फोन नाही. पोरगी हरखून गेली. घरात मात्र दोन तट पडले. भाऊजी म्हणाले, "अगं, मजा करून येईल, आपण नाही का स्काउटच्या कॅम्पला जायचो?" ताईच्या डोक्यात भलतेच विचार. रात्री घाबरली तर? तिथे प्रार्थना करायला लावतील का? आणि २०२५ च्या जुलैत टेक्सासमध्ये काय झालं ते तर सगळ्यांनी पाहिलंच होतं.

तिने मला फोन केला. "तू इतिहासावर बोलतोस ना, मग सांग, लोक हे ठरवतात कसं?"

मला मूलबाळ नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बालमानसशास्त्रातलं मला काही कळतं असा दावाही नाही. पण "लोक हे आजवर ठरवत कसे आले?" हा प्रश्न माझ्या गल्लीतला होता. वाचत गेलो आणि ध्यानात आलं की "पोर तयार आहे का?" याचा अर्थ दीडशे वर्षांत तीन वेळा बदललाय.

तयार नाही, म्हणूनच पाठवा

हिंक्लींच्या आधी दोन नावं येतात. १८६१ मध्ये कनेक्टिकटमध्येच फ्रेडरिक गन नावाचे एक शाळामास्तर होते. यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं आणि त्यांच्या निवासी शाळेतल्या पोरांना सैनिकांसारखं तंबूत राहायची भयंकर हौस. मास्तर त्यांना घेऊन चालत चालत समुद्रकाठी गेले आणि सुमारे दोन आठवडे तिथेच मुक्काम ठोकला. अमेरिकेतल्या संघटित शिबिरांची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात. मग १८७६ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर जोसेफ रॉथरॉक यांनी एक उन्हाळी शिबिर काढलं. कोणासाठी? अशक्त मुलांसाठी! रानात राहायचं, हवा खायची, थोडा अभ्यास करायचा आणि धट्टंकट्टं होऊन परत यायचं.

त्यानंतर १८८१. अर्नेस्ट बाल्च नावाचा कॉलेजातला तरुण न्यू हॅम्पशायरमधल्या स्क्वॉम तळ्यातल्या एका बेटावर शिबिर सुरू करतो. त्याची तक्रार अशी की श्रीमंतांची पोरं उन्हाळाभर आईबापांबरोबर हॉटेलांत लोळतात आणि वाया जातात. म्हणून त्याच्या शिबिरात नोकर नाहीत. भांडी पोरांनी घासायची, स्वयंपाक पोरांनी करायचा, होड्या पोरांनी सांभाळायच्या. रविवारची उपासना झाडांखाली, उघड्यावर. शिबिर १८८९ मध्ये बंद पडलं, पण त्या बेटावर उन्हाळ्यातल्या रविवारी आजही उघड्यावर उपासना होते. तिकडचे लोक त्याला "चर्च आयलंड" म्हणतात.

आता गंमत बघा. या सगळ्यांच्या हिशेबात मूल तयार नसणं हेच पाठवण्याचं कारण होतं. अशक्त आहे? पाठवा. लाडावलंय? पाठवा. शहरात राहून मऊ पडलंय? पाठवाच. तयारी ही शिबिरात जाऊन मिळवायची गोष्ट होती, जाण्याआधीची अट नव्हती.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. "होस्टेलला टाका म्हणजे सुधारेल" हे वाक्य मराठी घरात ऐकलं नाही असा माणूस विरळा.

संस्कार की साक्षात्कार

शिबिर तर झालं. पण "चर्चचं" शिबिर म्हटल्यावर आणखी एक पदर येतो, आणि ताईची खरी धाकधूक तिथेच होती. हा पदर समजून घ्यायला आणखी मागे, १८०१ मध्ये केंटकीला जावं लागतं.

ऑगस्ट महिना. केन रिज नावाच्या ठिकाणी हजारो माणसं बैलगाड्या, घोडागाड्या जुंपून कुटुंबकबिल्यासह जमली. काही जण तर आकडा दहा-वीस हजारांपर्यंत नेतात. मुक्काम अनेक दिवसांचा. दिवसरात्र प्रवचनं, गाणी, रडणं, माणसं भावनेच्या भरात जमिनीवर कोसळणं. आपल्याकडच्या मोठ्या जत्रेची आणि अखंड हरिनाम सप्ताहाची सरमिसळ डोळ्यांसमोर आणा, थोडाफार अंदाज येईल. याला नाव पडलं "कॅम्प मीटिंग". घरदार, शेतीवाडी मागे ठेवून माणूस रानात येतो, चार दिवस वेगळ्याच हवेत राहतो आणि एका क्षणी त्याचं आयुष्य पालटतं, हा त्यामागचा विश्वास. पुढे अशा सभांमध्ये एक खास बाक पुढे ठेवू लागले. ज्याच्या मनात खळबळ चालू आहे त्याने उठायचं, सगळ्यांच्या देखत त्या बाकावर येऊन बसायचं आणि निर्णय घ्यायचा.

हा झाला साक्षात्काराचा मार्ग. एक रात्र, एक क्षण, एक निर्णय.

पण हा मार्ग सगळ्याच ख्रिस्ती मंडळींना पटत होता का? मुळीच नाही! १८४७ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचे पाद्री होरेस बुशनेल यांचं मुलांच्या धार्मिक संगोपनावर एक पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ख्रिस्ती घरातलं मूल मुळात ख्रिस्ती म्हणूनच वाढावं. आधी पापी, मग एका रात्रीत पालट, ही नाटकं लहान पोरांकडून कशाला करून घ्यायची? श्रद्धा घरातल्या रोजच्या वागण्यातून, आईवडिलांकडे बघत बघत अंगात मुरते. आपल्या भाषेत सांगायचं तर बुशनेल संस्कारवादी. त्यावर इतकी टीका झाली की प्रकाशकाने पुस्तक चक्क मागे घेतलं. बुशनेल यांनी ते पुढे पुन्हा काढलं आणि वाढवलंही.

पुढच्या सगळ्या चर्च-शिबिरांत हे दोन प्रवाह वाहताना दिसतात. १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा तळ्याकाठी जॉन व्हिन्सेंट आणि लुईस मिलर यांनी संडे स्कूलच्या शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण सुरू केलं. जागा होती जुन्या कॅम्प मीटिंगची, पण व्हिन्सेंटना त्या सभांमधला भावनांचा पूर नको होता. त्यांनी तिथे वर्ग आणि व्याख्यानं आणली. हा संस्काराचा प्रवाह.

१८८५ मध्ये वायएमसीएचे सम्नर डडली सातेक मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑरेंज तळ्यावर गेले. पोरांची डोकी भादरलेली असल्यामुळे म्हणे शिबिराचं नाव पडलं "टकलू शिबिर". त्याच शिबिराचं आजचं रूप म्हणजे शँप्लेन तळ्याकाठचं कॅम्प डडली, अजूनही जोरात चालू आहे. वायएमसीएचं नाव आपल्यालाही नवं नाही, मुंबईत ती १८७५ पासून आहे. तिथेही भर चारित्र्यावर, शिस्तीवर, शरीर कमावण्यावर.

विसाव्या शतकात साक्षात्काराचा प्रवाह पुन्हा उसळला. १९३८ मध्ये हेन्रिएटा मिअर्स या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत फॉरेस्ट होम हे केंद्र उभं केलं. १९४९ च्या उन्हाळ्यात तिशीतला एक प्रचारक तिथे आला होता, मनात शंकांचं काहूर घेऊन. बायबलवर शब्दशः विश्वास ठेवायचा की नाही? रात्री तो एकटाच रानात गेला, पुस्तक झाडाच्या बुंध्यावर ठेवलं आणि ठरवलं, ठेवायचा. त्याचं नाव बिली ग्रॅहम. काही आठवड्यांनी लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या सभांना अफाट गर्दी झाली आणि तो जगप्रसिद्ध झाला.

शिबिरातल्या एका रात्रीची ताकद काय असू शकते, त्याचं हे उदाहरण. ग्रॅहम तेव्हा तीस वर्षांचा घोडा होता हे मात्र विसरू नका.

अशा अनेक शिबिरांत शेवटच्या रात्री शेकोटी असते. आठवडाभर खेळून थकलेली मुलं, आवडती ताई किंवा दादा बाजूला, गिटारवर हळू गाणी. मग विचारतात, "कोणाला आज येशूला आपलं जीवन द्यायचंय?" कुठे हात वर करायचा असतो, कुठे उठून पुढे जायचं असतं, कुठे एक काटकी उचलून आगीत टाकायची असते. कॅम्प मीटिंगचा तोच बाक, फक्त आता त्याच्या जागी शेकोटी आहे.

यात मला कुठलंही कारस्थान दिसत नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्यासाठी मुलाला देण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही, आणि बहुतेक शिबिरं आपला हेतू उघडपणे सांगतात. शिवाय ही चिंता काही फक्त आपल्यासारख्या हिंदू घरांची नाही. नऊ वर्षांच्या पोराने थकलेल्या अवस्थेत, मित्रांच्या देखत घेतलेला निर्णय किती त्याचा आणि किती त्या रात्रीचा, हा बुशनेल यांचाच प्रश्न. ख्रिस्ती आईबाप तो पावणेदोनशे वर्षं विचारत आलेत.

घरची आठवण नावाचा आजार

आता "तयार" या शब्दाचा दुसरा अर्थ.

१६८८ मध्ये बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एक प्रबंध लिहिला. घरापासून लांब गेलेली स्विस माणसं झुरतात, खात नाहीत, आजारी पडतात. त्याने या दुखण्यासाठी ग्रीक शब्द जोडून नवा शब्द बनवला, "नॉस्टॅल्जिया". आज आपण तो जुनी गाणी ऐकताना वापरतो, पण जन्माला आला तो रोगाचं नाव म्हणून.

शिबिरवाल्यांनी हा रोग फार काळ हसण्यावारी नेला. १९६३ मध्ये ॲलन शर्मन या विनोदवीराचं एक गाणं अमेरिकेत धुमाकूळ घालत होतं. शिबिरातून पोरगा आईबापांना पत्र लिहितोय, इथे किती भयानक आहे, मला घेऊन जा, आणि शेवटी पाऊस थांबतो, खेळ सुरू होतो आणि पत्राचा सूरच पालटतो. शर्मनला ते सुचलं स्वतःच्या मुलाच्या शिबिरातल्या पत्रांवरून. सगळा देश हसला. त्या पोराला लिहिताना हसू येत होतं का, कोण जाणे!

पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर थर्बर यांनी शिबिरातल्या मुलांचा नीट अभ्यास केला आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या विषयावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शन छापलं. थर्बर त्याचे एक लेखक. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं सांगतो.

घराची आठवण जवळपास प्रत्येक मुलाला येते, ती येणं म्हणजे मूल तयार नाही असं मुळीच नाही. खूप त्रास होणारी मुलं थोडी असतात. त्रास वाढतो कधी? आधी कधीच घराबाहेर राहिलेलं नसेल तर. जाण्याचा निर्णय दुसऱ्याच कोणी घेतला असेल तर. आणि आपल्या हातात काहीच नाही असं मुलाला वाटत असेल तर. वयाचा संबंध आहे, पण नुसतं वय बघून भागत नाही. आजीकडे, मित्राकडे चार रात्री राहून आलेलं आठ वर्षांचं मूल कधीच बाहेर न राहिलेल्या अकरा वर्षांच्या मुलापेक्षा जास्त तयार असू शकतं.

ऐकून मला मामाचं गाव आठवलं. आमच्या पिढीपर्यंत मे महिन्यात पोरांना मामाकडे नाहीतर आजोळी सोडायची रीत होती. आईशिवाय झोपायचं, दुसऱ्याच्या घरची भाजी निमूट खायची, रात्री गच्चीवर थोडं रडूही यायचं. कोणी त्याला सराव म्हणत नव्हतं, पण तो सरावच होता. डॅलसमध्ये वाढणाऱ्या आमच्या भाचीला असा मामा बोटीएवढ्या, नव्हे विमानाएवढ्या अंतरावर!

त्या मार्गदर्शनातली आणखी एक गोष्ट ताईला वाचून दाखवली, कारण ती नेमकं तेच करायला निघाली होती. "नाही आवडलं तर लगेच फोन कर, मी न्यायला येते" असं आधी कबूल करू नका, असा सल्ला आहे. मुलाला त्यातून ऐकू येतं ते असं: आईला वाटतंय मला जमणार नाही.

आणि शिबिर तयार आहे का?

आतापर्यंत सगळं लक्ष मुलाकडे होतं. तिसरा अर्थ प्रश्नच उलटा करतो, आणि तो फार महागात शिकला गेला.

आधी इंग्लंड, कारण धोका माणसांकडून येतो तेव्हा काय होतं ते तिथल्या एका प्रकरणात लख्ख दिसतं. १९३० च्या दशकात ई. जे. एच. नॅश नावाच्या पाद्र्यांनी तिथल्या नामांकित निवासी शाळांमधल्या मुलांसाठी ख्रिस्ती शिबिरं सुरू केली. डॉर्सेटमधल्या गावावरून ती "यूअर्न शिबिरं" म्हणून ओळखली गेली आणि त्यांतून चर्चचे मोठमोठे नेते घडले. १९७० च्या दशकात या शिबिरांच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष होता जॉन स्मायथ, नामवंत बॅरिस्टर. शिबिरांतून आणि शाळेतून ओळखीच्या झालेल्या मुलांना तो स्वतःच्या बागेतल्या शेडमध्ये नेऊन छडीने अमानुष मारायचा, पापाचं प्रायश्चित्त म्हणून. १९८२ मध्ये शिबिरवाल्यांच्या हातात अंतर्गत अहवाल होता. पोलिसांकडे कोणी गेलं नाही. स्मायथ झिम्बाब्वेला गेला आणि तिथेही त्याने मुलांची शिबिरं काढली! १९९२ मध्ये तिथल्या एका शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात मेलेला सापडला. खटला उभा राहिला आणि कोसळला. स्मायथ २०१८ मध्ये शिक्षा न होताच मेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेकिन अहवाल आला. बळी शंभराहून अधिक. त्यानंतर काही दिवसांत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पायउतार व्हावं लागलं.

ही मुलं लहान नव्हती. हुशार होती, वर्षानुवर्षं होस्टेलवर राहणारी होती. "रात्री एकटं झोपता येतं का?" या परीक्षेत सगळी पैकीच्या पैकी पास झाली असती. त्यांना येत नव्हती ती एकच गोष्ट: ज्याला सगळे देवमाणूस मानतात तो चुकीचं वागतोय, हे घरी येऊन सांगणं. कारण तसं सांगता येतं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आता टेक्सास. ग्वाडलूप नदीचा डोंगराळ भाग शिबिरांसाठी प्रसिद्ध आणि अचानक येणाऱ्या पुरांसाठी बदनाम. १७ जुलै १९८७ ला कम्फर्ट गावाजवळच्या एका ख्रिस्ती शिबिरातून मुलांना बाहेर काढणारी बस पुरात सापडली, दहा किशोरवयीन मुलं गेली. सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट. तरी ४ जुलै २०२५ च्या पहाटे त्याच नदीकाठच्या कॅम्प मिस्टिकमध्ये, १९२६ पासून चालत आलेल्या मुलींच्या ख्रिस्ती शिबिरात, पाणी शिरलं. त्या भागात नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली होती. सगळ्यात लहान, आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या केबिन नदीजवळच्या सखल जागी. शिबिरातल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या तरुण ताया मिळून २७ जणी गेल्या. संचालकही मुलींना वाचवताना गेले. दोनच दिवस आधी सरकारी तपासनीस येऊन गेले होते आणि आपत्कालीन योजना लेखी असल्याची नोंद झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासने कायदे केले: पूरक्षेत्रात झोपायच्या केबिन नकोत, सुटकेची योजना हवी, कर्मचाऱ्यांना तिचं प्रशिक्षण हवं, इशारा देणारी यंत्रणा हवी.

त्या मुलींमध्ये कशाचीही कमतरता नव्हती. त्या तयारच होत्या.

मग ठरवायचं कसं

आमच्या कामात कुबरनेटीस नावाची एक प्रणाली असते. ती प्रत्येक प्रोग्रॅमला सतत दोन वेगळे प्रश्न विचारते. जिवंत आहेस का? आणि काम घ्यायला तयार आहेस का? नवशिके या दोन्हींत गल्लत करतात आणि मग रात्री तीनला फोन वाजतो. मला वाटतं, शिबिराच्या बाबतीत आपण पालक मंडळींनाही पहिल्याच प्रकारचे प्रश्न विचारायला लावतो. स्वतः अंघोळ करते का, वेणी घालते का, डबा संपवते का, अंधाराला घाबरते का. हे हवंच, पण हे "जिवंत आहेस का"मध्ये मोडतं.

हा सगळा इतिहास चाळून माझ्यापुरता निष्कर्ष असा: जे मूल मोठ्या माणसाला "नको" म्हणू शकतं आणि घडलेलं सगळं, लाजिरवाणं सुद्धा, घरी येऊन सांगू शकतं, ते तयार. आणि जे शिबिर त्या "नको"चा मान ठेवतं आणि त्या सांगण्याच्या आड येत नाही, ते शिबिर तयार. दोन्हीकडून हो आलं तर जावं. एकीकडूनच आलं तर थांबावं.

ताईने मग दोन कामं केली. आधी मुलीशी बोलली, शेकोटीचं सुद्धा सांगितलं. तिथे असं असं विचारतील, तुला काय वाटेल? पोरगी म्हणाली, "मला घोड्यांसाठी जायचंय. हात वर नाही केला तर माझी मैत्रीण रागावेल का?" नऊ वर्षांची मुलगी, पण प्रश्न थेट कॅम्प मीटिंगच्या त्या बाकापाशी पोचला! देवाबद्दल तिला शंका नव्हती, चिंता होती चारचौघांत एकटं पडण्याची.

मग ताईने शिबिराला फोन लावला आणि प्रश्नांची यादीच वाचली. केबिन पूरक्षेत्रात आहेत का? रात्री इशारा आला तर मुलींना कोण, कुठे नेणार, आणि या सुट्टीत त्याचा सराव झालाय का? एकटं मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर राहणार नाही असा नियम आहे का? मुलीला घरी बोलायचं असेल तर कोणाला सांगायचं? प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का, आणि एखादी शेकोटीला नुसतीच बसून राहिली तर?

उत्तरं सरळ आली. प्रार्थनेला सगळ्यांबरोबर बसावं लागतं, हात वर करणं सक्तीचं नाही, आणि कोणी केलाच तर घरी कळवतो. एका प्रश्नावर समोरची बाई अडखळली, रात्रीच्या सरावाच्या. विचारून सांगते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरंच फोन करून सांगितलं. ताईला तो अडखळून परत आलेला फोन गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा जास्त पटला.

शेवटी सहा रात्रींऐवजी तीन रात्रींचं छोटं सत्र ठरलं, आणि त्याआधी मैत्रिणीकडे दोन रात्री राहून बघायचं. भाऊजींचं म्हणणं एवढ्या चौकशीत तर लग्न जमलं असतं. असू दे.

ज्यांना अजून रात्रीचं धाडस नको वाटतं त्यांच्यासाठीही इतिहासात एक वाट आहे. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांसाठी उन्हाळ्यात दिवसाची बायबल शाळा भरवली, जागा म्हणून चक्क बिअरचा हॉल भाड्याने घेऊन! सुट्टीतल्या बायबल शाळांची चाल पुढे जगभर गेली, आपल्याकडच्या मराठी चर्चमध्येही मे महिन्यात ती भरते. सकाळी जायचं आणि झोपायला घरी. पहिली पायरी म्हणून वाईट नाही.

आणि हे फक्त चर्चला लागू आहे असं समजू नका. संस्कार शिबिर असो, गिर्यारोहणाचं असो, क्रिकेटचं असो, नाहीतर एखाद्या आश्रमातलं. वर विचारलेले सगळे प्रश्न फोन उचलून तिथेही विचारा. विचारल्याचा राग आला, तर उत्तर मिळालंच.

तुमच्या घरी हा निर्णय कसा झाला? कुठल्या वयात पहिल्यांदा घराबाहेर राहिलात, कोणी विचारलं होतं का तुम्हाला? मला लिहून कळवा, निवडक पत्रं पुढच्या भागात वाचू. तोवर काळजी घ्या, भेटूच!